दोष शोधण्याचे स्वातंत्र्य



दि. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा कोणा शत्रूचा हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीत एका ठिकाणी २१ नोंदी अपेक्षित होत्या आणि पुरवल्या जात होत्या २०. एकविसावी नोंद वाचण्यासाठी आज्ञावली स्मृतीच्या हद्दीबाहेर गेली. ती विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत असल्यामुळे तिच्यासह सारा संगणक कोसळला.

दिवाणखान्यातील पाहुण्याची चूक यजमान सावरून घेतो. आधारखांबात शिरलेली वाळवी मात्र घरच पाडते. साधी आज्ञावली चुकली तर कर्नल तेवढीच थांबवतो. कर्नलमध्ये शिरलेला कोड चुकला तर त्याला थांबवणारा वर कोणी उरत नाही.

१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला लिनक्स या नियमाला अपवाद नाही. त्याच्या चालत्या कर्नलमध्ये जोडता येणाऱ्या भागांना मॉड्यूल म्हणतात. जाळे, चकती अशा उपकरणांशी बोलणारे ड्रायव्हर बहुधा याच रूपात असतात. तेही कोसळतात. भेद आहे तो कोसळल्यानंतर काय करता येते यात.

पहिला नियम असा की, अंदाज बांधण्यापूर्वी कर्नलची नोंदवही वाचावी. 'डीमेसेज' ही आज्ञा ती वही उघडते. मॉड्यूल जोडलेच जात नसेल आणि 'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' असा संदेश आला, तर बहुधा ते दुसऱ्या आवृत्तीच्या कर्नलसाठी घडवलेले असते. चालू कर्नलसाठी ते पुन्हा घडवावे लागते. 'अननोन सिम्बॉल' म्हटले असेल, तर ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर ते विसंबते ते अनेकदा आधी जोडलेलेच नसते. 'इन्समॉड' ही आज्ञा असे अवलंबन पाहत नाही; 'मॉडप्रोब' पाहते. सुरक्षित बूटची व्यवस्था सुरू असेल, तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल सहसा नाकारले जाते. म्हणजे अर्धे निदान त्या एका ओळीतच असते.

मॉड्यूल जोडल्यानंतर कर्नल अडखळला, तर तो 'ऊप्स' नावाचा अहवाल लिहितो. कोणत्या कार्यात, किती बाइटांवर चूक घडली आणि तेथवर कोणत्या मार्गाने येणे झाले, हे सारे त्यात असते. त्यावरून मूळ कोडची नेमकी ओळ गाठता येते. मात्र पहिलाच ऊप्स प्रमाण मानावा. पुढचे बहुधा त्याचेच पडसाद असतात, आणि एकदा अडखळलेल्या कर्नलच्या स्थितीवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि पुढचे प्रयोग आभासी यंत्रावर करावेत.

काल चालणारे आज चालत नसेल, तर 'गिट बायसेक्ट' मदतीला येते. मधल्या बदलांचा मध्य पकडून चाचणी घ्यायची आणि निर्दोष अर्धा भाग सोडून द्यायचा. एक हजार बदलांतील दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. आरडाओरडा नाही, दोषारोप नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुरावा नेईल तिकडे जायचे.

परंतु या सर्वांना एक अट आहे : मूळ कोड हाती असला पाहिजे. बंदिस्त परवान्याचे मॉड्यूल जोडताच लिनक्स स्वतःवर 'टेंट', म्हणजे कलंकाची खूण करून घेतो आणि पुढच्या प्रत्येक ऊप्समध्ये 'पी' हे अक्षर छापतो. अशा अहवालाकडे कर्नलचे सांभाळकर्ते सहसा लक्ष देत नाहीत. हा अहंकार नव्हे. जे वाचताच येत नाही, त्याचे निदान करायचे कसे?

भारताने हा धडा एका वेगळ्या वाटेने गिरवला आहे. अमेरिकेने महासंगणक नाकारला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. पुढे सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली घडवली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली 'माया' स्वीकारण्याचा निर्णय घेतला. या दोन्हींचा गाभा लिनक्सचाच आहे.

तथापि नाव भारतीय ठेवल्याने प्रणाली स्वदेशी होत नाही. मध्यरात्री ड्रायव्हर कोसळला, तर ऊप्स वाचून ओळ शोधणारा आणि दुरुस्ती करून ती जगाच्या कर्नलला परत देणारा तरुण येथे आहे का, हीच स्वदेशीची खरी कसोटी आहे. त्यासाठी लागणारा कोड कोणालाही विनामूल्य मिळतो. घरातील जुना संगणकही अभ्यासाला पुरतो. लागते ती चिकाटी, आणि आपल्या कामातील दोष चारचौघांत मांडण्याचे धैर्य.

ज्या कार्यपद्धतीत दोष लपवला जातो, तेथे तो वाढतो. जेथे तो निःसंकोच नोंदवला जातो, तेथे तो दुरुस्त होतो. हे यंत्राविषयी जितके खरे आहे, तितकेच संघटनेविषयी आणि राष्ट्राविषयीही.

भारत माता की जय!