शिकाऊ लेकीचा फोन

आमच्या गटातल्या काहीजणींच्या मुली आयटीआय करून चाकणला कंपनीत शिकाऊ म्हणून लागल्या. फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणायच्या. आम्ही खोदून विचारलं तेव्हा कळलं. काम नीट कुणी दाखवत नाही, चुकलं की चारचौघांत बोलतात, सुटी झाल्यावरही थांबवून घेतात. तक्रार केली तर प्रमाणपत्र अडेल, ही भीती.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे सरकारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्यांना जादा वेळ राबवता येत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही शिकाऊ मुलींना लागू आहे. तक्रार ३ महिन्यांत द्यायची.

मुलींना आम्ही सांगितलं, कराराची प्रत घरी ठेवा, कामाचे तास वहीत लिहा. आणि आम्ही आयांनी ठरवलं, "जरा सोस" म्हणायचं नाही. आधी ऐकून घ्यायचं.