ईमेलचा सर्व्हर आणि पोर्ट
थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रॅममध्ये जीमेलचं खातं हाताने जोडताना दोन सर्व्हर भरावे लागतात. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. इथेच बहुतेकांची गाडी अडते. एनक्रिप्शनसाठी ४६५ असेल तर एसएसएल निवडायचं, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ही जोडी चुकली, की मेल येतात पण जात नाहीत. आणि कृपा करून, कंटाळून एनक्रिप्शन बंद ठेवू नका. तसं केलं तर पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता येऊ शकतो. कचेरीच्या किंवा कॉलेजच्या ईमेलसाठी मात्र सर्व्हर वेगळा असू शकतो. तो अंदाजाने भरण्यापेक्षा तिथल्या संगणक विभागाला सरळ विचारून घ्या.