कॉलेजचें पहिलें वर्ष

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं घेण्यांत आली. तेव्हांपासून दरवर्षीं शाळा सोडून कॉलेजच्या आवारांत पाऊल टाकणाऱ्या मुलांची एक नवी तुकडी निघते, आणि तिच्यांतील कांहीं मुलें पहिल्या वर्षींच गळतात. गळणारीं मुलें मंद बुद्धीचीं किंवा उनाड असतात, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

१८८८ च्या जानेवारींत भावनगरच्या सामळदास कॉलेजांत अठरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. मॅट्रिक तो आदल्याच वर्षीं उत्तीर्ण झाला होता. परंतु कॉलेजांत त्याला सर्वच अवघड वाटूं लागलें. प्राध्यापकांचीं व्याख्यानें समजेनात. मग त्यांत गोडी कोठून वाटणार? पहिलें सत्र संपतांच तो घरीं परत आला. त्या मुलाचें नांव मोहनदास गांधी. पुढें आत्मकथेंत ही हकीकत लिहितांना त्यांनीं प्राध्यापकांकडे दोष दिलेला नाहीं. ते उत्तम म्हणून नांवाजलेले होते, कच्चेपणा आपलाच होता, असें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे. पण हा कच्चेपणा बुद्धीचा नव्हता, हें जगानें पुढें पाहिलेंच.

मग तो कशाचा असतो? शाळेंत शिक्षक धडा शिकवितो, प्रश्न विचारतो, वही तपासतो, चुकल्यास कान धरतो. कॉलेजांत प्राध्यापक पाऊण तास बोलतात आणि निघून जातात. कोणाला समजलें, कोणाला नाहीं, याची दाद त्या दिवशीं कोणी घेत नाहीं. नवा विद्यार्थी घाबरून प्रत्येक शब्द उतरवूं पाहतो. घरीं येऊन वही उघडावी तों अर्धीं वाक्यें, आणि अर्थ तर ऐकावयाचाच राहून गेलेला! जो मुद्देच तेवढे टिपतो, तेहि स्वतःच्या भाषेंत, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं पुस्तक काढून ते भरून घेतो, त्याचें पहिल्या दोन महिन्यांतच ठीक बसतें. संध्याकाळ चुकली कीं मात्र वही परकी होते.

मराठी शाळेंतून आलेल्या मुलाची अडचण आणखी निराळी. वेग, बल, कर्ण, प्राणवायु हे शब्द त्याच्या पक्क्या ओळखीचे असतात. विज्ञानाच्या वर्गांत तेच पदार्थ व्हेलॉसिटी, फोर्स, हायपॉटेन्यूज, ऑक्सिजन असा वेष घेऊन समोर येतात आणि आपल्याला कांहींच येत नाहीं, असें तो समजून बसतो. वस्तुतः विषय त्याला येत असतो, नांवें तेवढीं नवीं असतात. अशा जोडशब्दांची एक लहानशी वही पहिल्या महिन्यांत केली तर पुष्कळसें भय नाहींसें होतें. मातृभाषेंतून उच्च शिक्षण द्यावें हा विचार धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढून अंमलांत आणला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ही वही करण्याची पाळी कांहीं टळलेली नाहीं.

परगांवीं राहणाऱ्या मुलाला अभ्यासापेक्षां रविवारची संध्याकाळ जड जाते. पुण्यांतल्या पुष्कळ खाणावळी त्या वेळीं बंद असतात. दुपारचें गोडाचें जेवण उरकलेलें, खोलींतला सोबती आपल्या नातलगांकडे गेलेला, आणि घरीं आई दिवा लावीत असेल ही आठवण! ही वेळ मोकळी न ठेवण्यांतच शहाणपण आहे. मैदान, तालीम, टेकडी, कांहींहि चालेल. बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां प्रकृतीनें नाजूक होते. त्यांनीं पहिलें वर्ष मुख्यतः व्यायामास दिलें, आणि पुढें गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले. सर्वांनींच वर्ष तालमींत घालवावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण शरीराची हेळसांड करून अभ्यास साधतो, हेंहि खरें नव्हे.

वरच्या वर्गांतील मुलांकडून होणाऱ्या छळाविषयीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, रॅगिंग हा महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे, आणि विद्यापीठ अनुदान मंडळानें २००९ सालीं त्याविरुद्ध नियम केले आहेत. तें मुकाट्यानें सोसण्यांत मर्दुमकी नाहीं.

घरीं राहून शिकणाऱ्या मुलीचें दुःख सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तिला खाणावळ नाहीं, एकटेपणा नाहीं. पण घर तिला अजून शाळकरीच समजतें. वाचनालयांत तास-दीड तास बसून आली तर जाब, आणि आल्याबरोबर हातांत भाजीची टोपली. तिच्या भावाला मात्र तोच तास अभ्यासाचा म्हणून सोडलेला असतो. ज्या घरांत हा भेद आहे, तेथें मुलीच्या गुणांविषयीं बोलण्याचा अधिकार थोडा कमीच समजला पाहिजे.

गुणांचा प्रश्न निघतो तो पहिल्या सत्राच्या निकालानंतर. शाळेंत नव्वद टक्क्यांनीं पहिला येणारा मुलगा येथें पन्नासांवर थांबतो. घरच्यांस वाटतें, मुलगा बिघडला. बहुधा तो बिघडलेला नसतो. त्याच्या बांकावरचे चौघेहि आपापल्या गांवांत पहिलेच आलेले असतात. या वेळीं पालक रागावले तर मुलगा अभ्यास वाढवीलच असें नाहीं, खरें सांगणें मात्र हमखास थांबवितो. पत्रांत आणि टेलिफोनवर “सर्व ठीक आहे” एवढेंच येऊं लागतें, आणि तें ऐकून घर निश्चिंत होतें. झोप उडालेली, जेवण तुटलेलें, वर्ग चुकत चाललेले हें कळेपर्यंत कित्येकदां वर्ष हातचें गेलेलें असतें.

म्हणून दिवाळीला मुलगा घरीं येतो तेव्हां त्याला आधीं पोटभर जेवूं घालावें, दोन दिवस झोपूं द्यावें. वर्गांत कोणाशीं ओळख झाली, कोणते प्राध्यापक आवडतात, रविवारीं संध्याकाळीं कोठें जातोस, हे प्रश्न पुरेसे आहेत. गुणपत्रिका तिसऱ्या दिवशीं तो आपण होऊनच काढून दाखवील.