विली मेझचा अखेरचा सप्टेंबर

सप्टेंबर महिना लागला, की अमेरिकेतील बेसबॉलच्या शौकिनांची झोप उडते. हंगाम आता संपत आलेला असतो. प्रत्येक संघाच्या १६२ सामन्यांपैकी जेमतेम पंचवीस-तीस उरलेले असतात. आणि आघाडीच्या संघापासून आपला संघ किती सामने मागे आहे, याचा हिशेब आगगाडीच्या डब्यात, उपाहारगृहात आणि कचेरीत रोज नव्याने मांडला जातो. क्रिकेटच्या शौकिनाला या खेळाची ओळख करून घ्यावयाची तर दोन वाक्ये पुरतात. टोला मारून फलंदाजाने चार ठाणी क्रमाने गाठावयाची, म्हणजे एक धाव होते. आणि नऊ डावांनंतर बरोबरी राहिली, तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या या सप्टेंबरी हिशेबात आणखी एक प्रश्न येऊन मिसळला. तेथील मेट्स या संघात विली मेझ होता, आणि त्याचे वय बेचाळीस होते. त्याने खेळत राहावे, की थांबावे?

हा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा का झाला, हे समजण्यासाठी बावीस वर्षे मागे जावे लागते. अलाबामा राज्यातील हा कृष्णवर्णीय तरुण १९५१ साली, विसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या जायंट्स संघात आला. कृष्णवर्णीयांना या मोठ्या संघांचे दार उघडून तेव्हा चारच वर्षे झाली होती. दिवसा मैदानावर खेळून आलेला हा गडी हार्लेमच्या रस्त्यावर मुलांबरोबर काठी आणि रबरी चेंडू घेऊन पुन्हा खेळत असे. त्याच वर्षी ऑगस्टात साडेतेरा सामने मागे पडलेल्या जायंट्सनी ब्रुकलिनच्या डॉजर्सना गाठले, आणि ३ ऑक्टोबर रोजी बॉबी टॉमसनच्या एका टोल्याने लीगचे निशाण जिंकले. तो टोला बसला तेव्हा पुढची पाळी मेझची होती. बॅट हाती घेऊन तो बाजूला वाट पाहत उभा होता. १९५४ च्या जागतिक मालिकेत, मैदानाकडे पाठ करून धावत त्याने घेतलेला झेल आजही दाखविला जातो.

पुढे १९५७ चा हंगाम संपल्यावर जायंट्स संघ न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. शहराला ही जखम जिव्हारी लागली. त्या स्थलांतरास विरोध करणाऱ्या भागधारकांत जोन पेसन या बाई होत्या. १९६२ मध्ये मेट्स संघ स्थापन झाला तेव्हा त्याची मालकी त्यांच्याकडे आली, आणि मेझला परत आणण्याचा ध्यास त्यांनी दहा वर्षे सोडला नाही. मे १९७२ मध्ये तो आला. मेट्सच्या पोशाखातील त्याचा पहिलाच सामना जुन्या जायंट्सशी पडला, आणि त्याच्याच होमरनने मेट्सनी तो ५-४ असा जिंकला. हार्लेमच्या रस्त्यावर त्याच्याबरोबर खेळलेली मुले एव्हाना संसारी गृहस्थ झाली होती.

परंतु प्रेमाने गुडघे बरे होत नाहीत. १९७३ साली मेझ ६६ सामने खेळला आणि त्याचे होमरन झाले सहा. आयुष्यभराचे मात्र ६६०. शंभर वेळा बॅट धरली, तर पूर्वी तीस वेळा त्याचा टोला साधे. आता एकवीस वेळाही मुश्किलीने साधू लागला. एका पक्षाचे म्हणणे असे, की अशा माणसाला संघात ठेवणे म्हणजे डॉन हानसारख्या तरुणाची जागा अडविणे होय. शिवाय ज्याला वाऱ्यासारखे धावताना पाहिले त्याला अडखळताना पाहावे लागते, हा अपमान कोणाचा? दुसरा पक्ष म्हणे, की माणसाला ज्या कामात आनंद वाटतो ते त्याने कधी थांबवावे, हे ठरविणारे प्रेक्षक कोण? तिकिटाने खेळ विकत मिळतो, खेळाडूचे आयुष्य मिळत नाही. दोन्ही बाजूंस तथ्य होते. मात्र पहिल्या पक्षाच्या कळकळीत आपल्या स्वतःच्या तारुण्याची काळजीही बरीच मिसळलेली असावी. मेझ म्हातारा झाला, हे मान्य करणे म्हणजे १९५१ साल संपले, हे मान्य करणे होते.

ऑगस्टअखेरपर्यंत ही चर्चा केवळ हळहळीची होती, कारण जिंकण्याची आशाच नव्हती. ३० ऑगस्ट रोजी मेट्स आपल्या सहा संघांच्या विभागात तळाला होते. तरीही आघाडीपासून ते फक्त साडेसहा सामने मागे होते, कारण त्या वर्षी त्या विभागात एकही संघ धडपणे जिंकत नव्हता. पिट्सबर्गचा संघ तर वेगळ्याच दुःखात होता. त्यांचा अडतीस वर्षांचा थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते १९७२ च्या अखेरच्या दिवशी, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला असता, विमान कोसळून मरण पावला होता. त्याच्या भवितव्याची चर्चा करण्याची वेळ त्याच्या चाहत्यांवर आलीच नाही.

सप्टेंबरात मेट्स जिंकू लागले. विश्वास ठेवा, असे ओरडत फिरणारा गोलंदाज टग मॅग्रॉ सुरुवातीला हास्यास्पद वाटला होता. महिन्याच्या मध्यास सारे शहर त्याचीच घोषणा करू लागले. २० सप्टेंबरच्या रात्री पिट्सबर्गविरुद्धचा सामना तेराव्या डावापर्यंत लांबला. त्या डावात प्रतिपक्षाचा एक टोला कुंपणाच्या भिंतीच्या नेमक्या माथ्यावर आदळला. बोटभर पुढे पडता, तर दोन धावा झाल्या असत्या. तो मागे उसळून क्लिऑन जोन्सच्या हातात आला, तेथून फेकीमागून फेक होऊन धावणारा गडी अखेरच्या ठाण्यावर बाद झाला, आणि मेट्स जिंकले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या क्रमांकावर होते.

त्याच २० तारखेस मेझने जाहीर केले होते, की हंगाम संपताच आपण थांबणार. त्या महिन्यात त्याच्या बरगड्यांना दुखापत झाली होती आणि तो खेळतही नव्हता. २५ सप्टेंबर रोजी शे स्टेडियममध्ये त्याच्या निरोपाचा समारंभ झाला. हजारो लोकांसमोर त्याला रडू आवरेना. ही मुले निशाणासाठी कशी झुंजत आहेत, हे पाहून आपल्याला एकच गोष्ट कळते. आता अमेरिकेचा निरोप घ्यावयाचा, अशा अर्थाचे तो बोलला. कित्येक महिने शहरभर चाललेल्या वादाचा निकाल त्याने असा स्वतःच लावला, आणि तोही शर्यत ऐन रंगात असताना.

शेवटच्या रविवारीही निकाल लागला नव्हता. पावसाने रखडलेला सामना १ ऑक्टोबर रोजी शिकागोच्या ओल्या मैदानावर झाला, तो ६-४ असा जिंकून मेट्स विभागात पहिले आले. त्यांचे ८२ विजय आणि ७९ पराभव होते. विभागातील दुसऱ्या कोणत्याही संघाचे विजय पराभवांहून अधिक नव्हते.

पुढल्या फेरीत सिनसिनाटीशी गाठ पडली, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी प्रतिपक्षाच्या पीट रोझवर बाटल्या फेकल्या. सामना हातचा जाण्याची वेळ आली. योगी बेरा आणि काही खेळाडू प्रेक्षकांची समजूत घालावयास गेले, त्यांत मेझही होता. आणि लोक शांत झाले. ती मालिकाही मेट्सनी जिंकली.

१४ ऑक्टोबर रोजी ओकलंडला जागतिक मालिकेचा दुसरा सामना झाला. मेट्स दोन धावांनी पुढे होते. नवव्या डावात उन्हात तळपणारा एक चेंडू मेझच्या दिशेने आला. तो त्याला नीट दिसला नाही, आणि चेंडूसाठी धावताना तो पडला. ओकलंडने बरोबरी साधली. दहाव्या डावात त्याचा सहकारी बड हॅरलसन अखेरच्या ठाण्यावर बाद दिला गेला. पुढची पाळी मेझचीच होती. १९५१ प्रमाणे तो तेथेच होता. पण या वेळी गुडघे टेकून, हात पसरून पंचाची विनवणी करत होता. बाराव्या डावात दोन गडी बाद झालेले असताना त्याची पाळी आली. रॉली फिंगर्सचा चेंडू त्याने मैदानाच्या मध्यातून बाहेर काढला, हॅरलसन धाव घेऊन आला, आणि मेट्स पुढे गेले. सामना त्यांनी १०-७ असा जिंकला. मालिका मात्र ओकलंडने चार विरुद्ध तीन अशी नेली.

पुढे वर्षानुवर्षे कोणी खेळाडू वेळेवर थांबला नाही, की अमेरिकेतील वृत्तपत्रे मेझच्या त्या पडण्याचा दाखला देऊ लागली. त्याच दुपारी, तीन डावांनंतर, त्याच माणसाने सामन्याचे पारडे फिरविले होते, हे सांगावयास मात्र कोणी तरी जुना शौकीन लागे. जोन पेसन १९७५ मध्ये वारल्या. मेझचा २४ हा क्रमांक संघात पुन्हा कोणास द्यावयाचा नाही, असे वचन त्यांनी त्याला दिले होते. मेट्सनी ते ऑगस्ट २०२२ मध्ये पुरे केले. तेव्हा मेझ एक्क्याण्णव वर्षांचा होता. जून २०२४ मध्ये तो मरण पावला.