कटऑफ वाचा, मगच पसंती भरा

अभियांत्रिकी प्रवेशाचा अंदाज ऐकीव गोष्टींवर बांधू नका. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे कटऑफ असतात. शाखा, आपला प्रवर्ग आणि फेरी जुळवून ते वाचा. पहिल्या फेरीचे आकडे पाहून मुलं खचतात. पुढे ते पुष्कळदा खाली येतात. पसंतीक्रम मात्र मनापासून लावा. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, तर तीच जागा कायम होते.

आता फीचं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागेवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. या जागा जेमतेम ५ टक्के, म्हणून त्यांचा कटऑफ चढा असतो. याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही.

उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आजच काढायला टाका, आणि मुलींच्या शुल्कमाफीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी आठवणीने भरा.