अभ्यासक्रमांतील लोकसेवा

विद्यार्थ्यानें समाजाची सेवा करावी, या म्हणण्यास कोणाची हरकत नसते. ती सेवा अभ्यासाच्या तासांत बसवावयाची म्हटलें, कीं मतभेदास आरंभ होतो.

हा विचार नवा नाहीं. राधाकृष्णन् आयोगानें १९४८-४९ सालीं विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेचा पुरस्कार केला. १९५९ सालीं चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेली समिति त्याहून पुढें गेली. महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें शालेय शिक्षणानंतर नऊ महिने ते एक वर्ष सक्तीनें सेवा करावी, अशी शिफारस तिनें केली. खर्चाच्या प्रश्नावर ती अडली. अखेर १९६९ सालीं, गांधीजन्मशताब्दीच्या निमित्तानें, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ऐच्छिक स्वरूपांत. वर्षास १२० तासांचें काम आणि सात दिवसांचें शिबिर हा तिचा क्रम रूढ झाला. या योजनेनें शहरांतील तरुणांस खेड्याची वाट दाखविली, हें तिचें श्रेय. परंतु सेवा एकीकडे व अभ्यास दुसरीकडे, ही फारकत बहुधा तशीच राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०२० सालीं लोकसेवेस श्रेयांकाच्या अभ्यासांत स्थान दिलें, त्यामुळें ती मिटविण्याची संधि आली आहे.

या संधीचा अर्थ पाहण्यास उरणसारखें स्थळ विरळा. देशमुख ज्या जिल्ह्यांत जन्मले, त्याच रायगड जिल्ह्यांतील हा तालुका. भात, मीठ आणि मासळी यांवर येथील पिढ्या जगल्या. १९३० सालीं चिरनेरच्या जंगल सत्याग्रहांत येथील माणसांनीं गोळ्या झेलल्या. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं पांच जणांनीं प्राण दिले. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. २०२४ सालीं रेल्वे उरणास पोंचली. एवढा पालट ज्या भूमीनें पाहिला, तेथील विद्यार्थ्यास अभ्यासाचा विषय शोधण्यासाठीं दूर जावें लागूं नये.

खारभूमीचेंच उदाहरण घ्यावें. खाडीकांठचा मातीचा बांध खेकडे पोखरतात, लाटा झिजवितात. तो फुटला म्हणजे भरतीचें पाणी शेतांत शिरतें, आणि पुढील पिकासही क्षार बाधतो. बांध कोठें व कां फुटतो, हा भूगोलाचा प्रश्न. मातींत क्षार किती, हा रसायनशास्त्राचा. उघाडीची दुरुस्ती कोणी करावी व खर्च कोणी सोसावा, हा अर्थशास्त्राचा. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या आहेत. त्या कोणाच्या शेतांत पोंचल्या व कोणाच्या नाहीं, हें शोधणें समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचें काम. इतिहासाच्या वर्गानें जुन्या मिठागरांतील कामकऱ्यांच्या आठवणी टिपाव्या. मराठीच्या वर्गानें आगरी बोलींतील शब्द जमवावे.

मात्र तीन पथ्यें पाळावीं लागतील. पहिलें, प्रश्न गांवानें विचारलेला असावा. प्राध्यापकानें घरीं बसून योजिलेला नसावा. दुसरें, गुण शिकण्यास द्यावे, राबण्यास नव्हे. तास मोजून गुण दिले तर तास वाढतात, सेवा वाढत नाहीं. तिसरें सर्वांत महत्त्वाचें: जें हातीं लागेल तें गांवाच्या भाषेंत गांवास परत द्यावें. ज्या लोकांची जमीन गेली, त्यांच्याकडून त्यांची माहितीही नेऊन ती कपाटांत बंद करणें ही सेवा नव्हे. ती दुसरी हानि होय.

यास वेळ लागेल. एका सत्रांत बांध बांधून होणार नाहीं, आणि विद्यार्थी तर दर वर्षीं बदलतात. म्हणून नातें विद्यार्थ्याशीं नव्हे, महाविद्यालयाशीं जडलें पाहिजे. एका वर्गानें काढलेला नकाशा पुढच्या वर्गानें पुरा करावा. वर्षाच्या शेवटीं ग्रामसभेपुढें तो वाचला जावा, आणि शेतकऱ्यानें उभें राहून त्यांतील चूक दाखवावी. त्या चुकीपासून पुढील वर्षाचा अभ्यास सुरू होईल.