कुस्कोची चढण

(दहावी १९९५च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘प्रवासातले अनुभव’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. मी ग्रुपवर कुस्कोचे फोटो टाकले होते, त्याचं हे फळ. फोटोंत जे नव्हतं ते आज सांगते. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण आपल्याच वर्गातली. आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे. आठवी ते दहावी माझ्या बाकावर बसायची, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळलंच असेल.

कुस्को म्हणजे पेरू देशातली इंका लोकांची जुनी राजधानी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,४०० मीटर. आपलं कळसूबाई एकावर एक दोनदा ठेवलं, तरी कुस्को थोडं वरच राहील. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. ‘उंचीवर हवा विरळ होते’ हे वाक्य भूगोलाच्या बाईंनी माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतलं होतं. बाई, वाक्य पाठ झालं होतं, अर्थ नव्हता.

मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून तिला येता आलं. बेत मी आखला, आमच्या धंद्याच्या सवयीने एक्सेलमध्ये. लिमा अगदी समुद्राकाठी. तिथून सव्वा तासाचं विमान, की थेट कुस्को. पहिल्या दुपारी शहर, दुसऱ्या दिवशी साक्सायवामानचा किल्ला, तिसऱ्या दिवशी रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर. त्याची उंची ५,०००च्या घरात. ती यादी बघून म्हणाली, “अगं, लेहला आम्हाला पहिले दोन दिवस खोलीतून हलू दिलं नव्हतं. इथे खाली दरी आहे ना? आधी तिथे राहू, अंगवळणी पडलं की वर येऊ.” मी म्हटलं, “मी रोज पाच किलोमीटर पळते.” तो विषय तिथेच मिटला. शाळेतही असे विषय मीच मिटवायचे.

उंचीचा त्रास पळणाऱ्याला होत नाही असं काही नाही, हे मला नंतर कळलं. उलट धडधाकट माणूस घाई करतो आणि लवकर सापडतो.

आम्ही सॅक पाठीवर टाकून एका हॉस्टेलमध्ये उतरलो. एका खोलीत आठ पलंग, खाली चार, वर चार. दारातच कोकाच्या पानांचा चहा मिळाला. चव साधारण गवती पाल्याच्या काढ्यासारखी. तो तिथे घरोघरी पितात, पण ती पानं बाहेरच्या बऱ्याच देशांत नेता येत नाहीत. तो पिऊन आम्ही लगेच बाहेर पडलो.

शहर मात्र असं आहे की मान खाली जात नाही. गल्ल्या अरुंद, फरसबंदी, दोन्ही बाजूंना इंकांच्या भिंती. चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा घासून बसवलाय की सांध्यात पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. एका गल्लीत बारा कोपऱ्यांचा दगड आहे. प्रत्येक कोपऱ्यात शेजारचा दगड नेमका बसलेला. आम्ही इंजिनिअर लोक ‘दोन भाग नीट जोडले पाहिजेत’ यावर मीटिंगा घेतो. तिथे मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. फोटोत माझा हात भिंतीवर आहे. खरं तर तो आधारासाठी होता. डोकं ठणकायला लागलं होतं. मी बोलले नाही.

कोरिकांचा म्हणजे सूर्याचं मंदिर. स्पॅनिश लोकांनी त्यातलं सोनं नेलं आणि त्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. पुढे १९५० साली २१ मे रोजी मोठा भूकंप झाला. वरच्या बांधकामाची पडझड झाली आणि त्याच्या आड गेलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या, जवळजवळ जशाच्या तशा. त्या किंचित आत झुकलेल्या असतात, दारं वर निमुळती. हादरा बसला की दगड जागच्या जागी हलून परत बसतात. गाइड हे समजावत होता आणि मला त्याचं निम्मंच ऐकू येत होतं.

कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं एक मोठं चित्र आहे, मार्कोस झापाता या चित्रकाराचं. मध्यभागी ताटात भाजलेला गिनीपिग, तिथला आवडता पदार्थ. आमची शाकाहारी मैत्रीण बराच वेळ बघून म्हणाली, “हे काय गं, घूस?” मी हसले, आणि हसल्यावर कवटीत घण बसला.

त्या दिवशी तिची संकष्टी होती. चंद्रोदय घरचा धरायचा की कुस्कोचा, यावर तिने फोनवरून सासूबाईंचं मत घेतलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. सान पेद्रोच्या बाजारात तिला बटाट्यांचे ढीग दिसले: जांभळे, पिवळे, बोटाएवढे, वाकडेतिकडे. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, ज्याचा साबुदाणा करतात तो कंदही तिथलाच. “म्हणजे आपला सगळा उपास इथून आलाय!” ती भर बाजारात ओरडली. मग उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले. मला दोन घास गेले आणि दोन्ही बाहेर आले. “विमानातलं काहीतरी बाधलं असेल,” मी सांगितलं.

रात्री मी वरच्या पलंगावर, ती खाली. उंचीवर झोपेत श्वास मध्येच थांबतो, काही सेकंदांनी दचकून परत सुरू होतो. पुष्कळांना होतं. तिला हे माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं, की वरचा आवाज बंद झाला. ती उठली आणि पलंगाच्या शिडीवर उभी राहून माझे श्वास मोजत राहिली. पहाटे चारपर्यंत. अंगावर शाल, पायात दोन मोजे, बाहेर थंडी शून्याजवळ. मला जाग आली तेव्हा समोर तिचं तोंड. म्हणाली, “खरं सांग. कधीपासून दुखतंय?”

“दुपारपासून.”

“आणि तू बोलली नाहीस.”

सकाळी हॉस्टेलच्या बाईंनी डॉक्टर बोलावला. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ८२. तिसऱ्या दिवशीचा विनिकुंका ऐकून तो मोठ्यांदा हसला. मग गंभीर होऊन बजावलं, की आता वर एक पाऊलही नाही, खाली जा. चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर ते मेंदूवर आल्याचं लक्षण, तेव्हा मिनिटभरही थांबायचं नाही.

दोनेक तासांवर ओयांतायताम्बो आहे, सुमारे २,८०० मीटरवर. माचू पिचू त्याहून खाली, २,४३० मीटरवर. म्हणजे कुस्कोहून माचू पिचूला जाणं म्हणजे उतरणं. एवढी तयारी करणाऱ्या माझ्या लक्षात हे आलं नव्हतं. टॅक्सीत मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं मोकळं होतं.

ओयांतायताम्बोत गल्ल्या इंकांच्या काळच्याच आहेत आणि कडेच्या दगडी पाटांतून आजही पाणी वाहतं. तिथे पाटाच्या काठावर बसून मी तिला सांगितलं, की माझी नोकरी गेली आहे. आठ महिने झाले. सतरा वर्षं एका कंपनीत होते, अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर संपलं. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं, आईला नाही. आपल्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘थोडा ब्रेक घेतलाय, जग बघतेय.’ तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवलीत.

ती काही वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तरीच. मी म्हणत होते, एवढी मोठी इंजिनिअर आणि आठ जणींच्या खोलीत.” आणि थोड्या वेळाने, “मी पतपेढीचं कर्ज काढून आलेय. तुझ्याबरोबर निम्मा खर्च करायचा तर दुसरं काय करणार? तुला सांगितलं असतं तर तू पैसे भरले असतेस, आणि ते मला नको होतं.” हे सांगायची परवानगी मी काल रात्री तिच्याकडून घेतली आहे.

मग भांडलो. चांगलं अर्धा तास. तिचा राग नोकरीवर नव्हता. अकरावीला मी पुण्याला गेले, तेव्हा तिने सहा पत्रं पाठवली होती आणि मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. पहिल्या सहामाहीत मी दोन विषयांत नापास झाले होते, ते कसं लिहायचं म्हणून. तिला वाटलं, ही मोठी झाली, विसरली. तीस वर्षं तिला तेच वाटत होतं. मी माफी मागितली. तिने ‘असू दे’ म्हटलं नाही. अजून म्हटलेलं नाही.

चार दिवसांनी आम्ही कुस्कोला परतलो. या वेळी एका संग्रहालयात खिपू बघितले. इंकांकडे लिपी नव्हती, हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवत. एकक, दशक, शतक यांच्या जागा ठरलेल्या, एककाच्या गाठी वेगळ्या तऱ्हेच्या. शून्य असेल तिथे गाठच नाही, रिकामी जागा. लेलंड लॉक नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही आकड्यांची पद्धत उलगडली. सगळ्या गाठी अजून वाचता आलेल्या नाहीत. मैत्रिणीने तिथेच सुतळी मागून घेतली. आता तिच्या चौथीच्या वर्गात स्थानिक किंमत गाठींवर शिकवतात.

साक्सायवामानला शेवटच्या दिवशी गेलो. तिथला सगळ्यात मोठा दगड शंभर टनांच्या वरचा आहे. पन्नास पावलं, मग थांबायचं, असा तिचा नियम. ती मोजायची, मी थांबायचे. वर पोचायला पाऊण तासाच्या जागी दीड तास लागला. ग्रुपवर टाकलेला दोघींचा हसरा फोटो तिथला आहे.

आईला मी परतल्यावर सांगितलं. आता एका लहान कंपनीत आहे, पगार आधीच्या निम्मा. पतपेढीचे अजून नऊ हप्ते बाकी आहेत. ते मी भरू का, असं विचारलं, तर तिने फोन ठेवून दिला. ग्रुपवर मात्र मी काहीच लिहिलं नव्हतं, ते आज इथे सांगून झालं.

तिसऱ्या रांगेतून ती मनगटाकडे बोट दाखवतेय. पन्नास पावलं झाली वाटतं. थांबते.